भिंतीवर ठोकलेलं आंदण

उमरखेडमध्ये नवा बंगला बांधणाऱ्या माणसाला पाण्याची चिंता नसते, शेजाऱ्याची नसते, हॉलमधल्या रिकाम्या भिंतीची मात्र असते. तिच्यावर काय लावावं हे ठरेपर्यंत त्याला चैन पडत नाही. मग सात धावते घोडे येतात. ते घरात येताना दिसले पाहिजेत, बाहेर जाताना नाही, नाहीतर पैसाही त्यांच्या मागे निघून जातो म्हणे. घोड्यांचा कंटाळा आला की पत्र्याचं सोनेरी झाड येतं, ऑनलाइन मागवलेलं, मागून दिवे लागणारं. एकाच गल्लीत घरोघरी मी तेच झाड पाहिलं आहे आणि प्रत्येक घरात मला सांगितलं गेलं की असं दुसरं कुणाकडे नाही.

मी याच धंद्यात आहे, म्हणून मला हसायचा हक्क आहे. माझे वडील भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून भांड्यांवर नावं टाकायचे. त्यांच्यानंतर ते मशीन माझ्या हातात आलं. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव पाहिजेच, घेणारीचं नसलं तरी चालतं. एवढ्याशा वाटीवर मामा, मामी, त्यांची सगळी लेकरं आणि वर गावाचं नाव मावलं पाहिजे असं म्हणणारे लोक मी कितीतरी पाहिले. मावत नाही म्हटल्यावर वाटी परत करून परात घेणारा मात्र अजून भेटायचा आहे.

नावं टाकून टाकून कंटाळले तेव्हा एका शिबिरात मी मिन्याचं काम शिकले. तांब्याच्या पत्र्यावर रंगीत काचेची पूड पसरायची आणि भट्टीत घालायची. पूड वितळून चकचकीत रंग बसतो, पण तोपर्यंत भट्टीची आच सारखी राहावी लागते. आमच्याकडची लाईट नेमकी तेव्हाच जाते. पहिल्या वर्षी माझी सगळी निळी पानं फोड आलेली निघाली आणि एका गिऱ्हाइकाने ती 'टेक्स्चर फार छान आहे' म्हणून उचलली. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला काहीही समजावत नाही.

कापडाचं काम माझी मैत्रीण करते. ती ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यावरची, लग्नाआधीपासून आरसे, कवड्या आणि दाट टाक्यांचं भरतकाम करणारी. मी पितळ आणि मिना बघते, ती कापड बघते, आणि दोन्ही एका फळीवर बसवून आम्ही भिंतीवर लावायचे मोठे तुकडे करतो. लोक त्याला शोपीस म्हणतात. मैत्रीण म्हणते, जे लोक तिच्या आईला अंगणात थांबवायचे, त्यांनीच आता आईच्या ओढणीसारखं कापड सोफ्याच्या वर टांगलं आहे. हे ती हसत सांगते, मला मात्र हसू येत नाही.

तर मागच्या वर्षी बी-बियाण्यांच्या एका दुकानदाराने आम्हाला त्याच्या नव्या बंगल्यावर बोलावलं. शेती बरीच, दुकान जोरात, आणि हॉलची भिंत अशी लांबरुंद की तिच्यासमोर उभं राहिलं की बोलावंसं वाटेना. त्याच्या बायकोने आम्हाला चहा दिला, कागदी कपात. मी जरा सावध झाले. पण त्या दिवशी गवंड्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांनाच कागदी कप होते, त्यामुळे मला नीट रागही धरता आला नाही.

बाईला हवं होतं ट्रॅडिशनल, पण मॉडर्न. गावरान, पण क्लासी. तिने मोबाईलवर कुठल्याशा हॉटेलातली भिंत दाखवली, तिच्यावर जुनी पितळी भांडी लटकवलेली होती. मग नवऱ्याने दोन पोती ओढत आणली आणि फरशीवर रिकामी केली. आत जुनं पितळ होतं: एक मोठा कोपर, म्हणजे तुमची परात, पाण्याचा गुंड म्हणजे हंडा, डबे, तांबे, वाट्या. काळं पडलेलं, पण वजनदार, आजकाल दुकानात दिसत नाही असं. काठाकाठाने माझ्यासारख्याच कुणीतरी छिन्नीने ठोकून नाव टाकलेलं होतं. ते नाव त्या दुकानदाराच्या घराण्याचं नव्हतं.

ते त्याच्या आईच्या माहेरचं होतं. हे आम्हाला त्यानेच सांगितलं, आणि लगेच म्हणाला की ते घासून टाका. घर त्याचं, भिंत त्याची, मग वर भलत्याच माणसाचं नाव कशाला. त्याऐवजी मध्यभागी मिन्याची एक पाटी करायची आणि तिच्यावर 'संकल्पना' असं लिहून खाली त्याचं नाव टाकायचं. संकल्पना बायकोच्या मोबाईलमधल्या हॉटेलाची होती, पण हॉटेलवाला काही बघायला येणार नव्हता. गुंड मात्र भिंतीबाहेर फार येईल, तर तो मधोमध कापून अर्धाच लावा, असं बायकोने सुचवलं.

मग त्याने मूळ मुद्दा सांगितला. तो लपवण्यासारखा आहे असं त्याला वाटलंच नाही.

"ताई, पक्कं ठोकजा. रिबिटा मारून टाका. कोनाले काढता नाई आलं पाह्यजे. बहीन येते ढाणकीवून, अन् आली का मायसंगं गुलुगुलु बोलून काईतरी घेऊन जाते. भितीवर लागलं म्हंजे ते घराचं झालं."

बायको हसली. मी माप घ्यायला टेप काढला. चोरी करायची असेल तर माणूस वस्तू लपवतो, असा माझा समज होता. हा गृहस्थ ती दिवाणखान्यात सगळ्यांसमोर टांगून, वर दिवे सोडणार होता.

आम्ही मोजमाप घेऊन निघालो तर फाटकाशी त्याची आई उभी होती. बंगल्याच्या मागच्या बाजूला तिची खोली होती आणि ती तिथून फिरून आली होती, कारण हॉलमधून यायची तिला परवानगी नव्हती. म्हणजे तसं कुणी बोललेलं नव्हतं. फक्त फरशी नवी आहे आणि तिच्या पायाला माती असते, एवढंच सून म्हणाली होती. तिने माझा हात धरला.

"गुंड कापनार हायेस का तू?"

मी म्हटलं, नाही.

"मायं आंदण होय ते. बापानं दोन बैल इकले तवा देल्लं. म्या लेकीले देतो म्हनून सांगतलं, तं यानं पोत्यात भरलं. आता भितीले ठोकून राह्यला. एकडाव ठोकलं का मंग कोन काढते? म्या मेल्यावर तिले कोन देईन?"

तिचे डोळे कोरडे होते. ती रडली असती तर मी तिची समजूत घालून निघून गेले असते. पण ती उत्तराची वाट बघत माझ्याकडे सरळ बघत होती, आणि मला तिच्या लेकाचा असा राग आला की बसस्टँडपर्यंत मी तरातरा चालत सुटले. तिथे मला गाठून मैत्रीण म्हणाली, "बाई, त्यानं पक्कं दिसलं पाह्यजे म्हटलं. पक्कंच दिसन."

पुढचे काही महिने आमचं ते काम चाललं. मैत्रिणीने गडद लाल जाड कापड घेतलं आणि प्रत्येक भांड्याच्या आकाराचं गोल कडं भरलं. आरसे, कवड्या, पिवळा-हिरवा दोरा, टाक्याला टाका लागलेला. भांडं त्या कड्यात बसायचं, खाली वजन पेलायला लोखंडी कडी, आणि वर मागून आलेली एक सुती नाडी, चोळीला असते तशी, कापडाच्या घडीत लपवलेली. मी मिन्याची पानं केली आणि मिन्याची टोपी असलेली मोठी रिबिटं केली, निळी, देखणी. ती भांड्याच्या काठाकाठाने लावली. ती फळीत घट्ट बसली होती, पण भांड्याला त्यांचा स्पर्शसुद्धा नव्हता. दिसायला मात्र असं दिसायचं की भूकंप झाला तर बंगला पडेल, कोपर पडणार नाही.

गुंड कापला नाही, फळीमागे खोल चौकट करून तो अर्धा आत बसवला, बाहेरून कापल्यासारखाच दिसायचा. नावही मी घासलं नाही. कापडाचं कडं काठावर येतं, त्याच्याखाली ते झाकलं गेलं. विचारलं तर सांगायला उत्तर तयार ठेवलं होतं, पण कुणी विचारलंच नाही. संकल्पनेची पाटी मात्र मी मन लावून केली. तिच्यावर त्याचं नाव भट्टीतून पहिल्या झटक्यात स्वच्छ निघालं, एकही फोड नाही. लाईटसुद्धा गेली नाही.

काम भिंतीवर चढवलं तेव्हा दुकानदाराने येऊन एका रिबिटावर अंगठा दाबून बघितला. हललं नाही. त्याचं समाधान झालं. तो गृहप्रवेशाच्या कार्यक्रमाचं बोलायला बाहेर गेला, सून स्वयंपाकघरात होती, तेवढ्यात मैत्रिणीने म्हातारीला मागच्या दाराने आत आणलं. चपला बाहेर काढून, पाय पुसून. तिला कोपराजवळ उभं केलं आणि कापडाची घडी उचलून नाडीचं टोक तिच्या बोटात दिलं.

"याडी, आसं वढायचं," ती म्हणाली. याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. म्हातारीने नाडी चाचपून बघितली, सोडली, घडी पुन्हा नीट बसवली आणि मागे निघून गेली. मला वाटलं होतं की एखाद्या दुपारी घरात कुणी नसताना लेकीला बोलावून ती गुपचूप काम उरकेल. मला ती म्हातारी अजून कळली नव्हती.

गृहप्रवेशाला सगळा तालुका लोटला होता. सुनेने मैत्रिणीला निरोप दिला होता की पारंपरिक पोशाख घालून ये, भिंतीशेजारी उभी राहा, फोटो छान येतील. मैत्रीण नायलॉनची साधी साडी नेसून आली आणि जेवणाच्या पंगतीशेजारी उभी राहिली. हॉलमध्ये माईक लावला होता. सूत्रसंचालन करायला एक मास्तर आणले होते. ज्यांना बोलायला काही नसलं तरी थांबता येत नाही, अशांपैकी ते होते. पाहुणे म्हणून एक पुढारी होते. त्यांनी फीत कापली, भिंतीसमोर येऊन मान डोलावली आणि विचारलं की ही भांडी कुणाची. दुकानदाराने छाती काढून सांगितलं, आमच्या आईची, हेरिटेज आहे.

म्हातारीला त्या दिवशी हॉलमध्ये बसायला खुर्ची मिळाली होती, पहिल्या रांगेत, कारण पुढारी पाया पडतील असा अंदाज होता. ते पडलेही. मग माईकवर म्हणाले, मावशी, तुम्ही नशीबवान आहात, लेकाने तुमची आठवण भिंतीवर जपली.

म्हातारी उठली. ढाणकीची लेक मागे बायकांत बसली होती, तिला तिने हाताने पुढे बोलावलं. लेक घाबरत घाबरत आली. तोवर म्हातारीने घडी उचलली, नाडी ओढली आणि कोपर कडीवरून दोन्ही हातांनी उतरवून छातीशी धरला. रिबिटं सगळी जागच्या जागी होती. दुकानदार त्या रिबिटांकडे असा बघत होता की मी आयुष्यभर विसरणार नाही.

"हे मायं आंदण होय," ती म्हणाली, आणि माईक जवळ असल्याने ते मांडवाबाहेरपर्यंत ऐकू गेलं. "आज लेकीले देऊन राह्यलो. सगळं देतो. चार लोकाईसमोर देतो."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण आमच्या जिल्ह्यात माईकसमोर एक बाई उभी असेल, तिच्या हातात काहीतरी असेल आणि दुसरी बाई ते घ्यायला वाकलेली असेल, तर तो सत्कार असतो. दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मास्तरांना तर या क्षणासाठीच जन्म मिळाला होता. त्यांनी माईक ओढला आणि जाहीर केलं की यजमानांनी आज आपल्या भगिनीचा, कन्यारत्नाचा, आईच्या हस्ते हृद्य सन्मान योजला आहे, तर जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्या. बाहेर पंगतीत बसलेल्यांनीही हात धुऊन वाजवल्या.

मग कुणाला थांबवता येणार होतं? पुढाऱ्यांनी कोपराला हात लावला, म्हणजे आता तेही देणाऱ्यांत आले. मोबाईल वर झाले. मी पुढे जाऊन एकेक नाडी सोडत गेले, पंगतीकडून आत आलेली मैत्रीण भांडी उतरवत गेली, आणि प्रत्येक भांडं पुढाऱ्यांच्या हातातून, फोटोसाठी क्षणभर थांबून, लेकीकडे जात राहिलं. कुणीतरी शाल आणली. ती लेकीच्या खांद्यावर पडली. सुनेला कॅमेऱ्यासमोर हसायची सवय होती, ती शेवटपर्यंत हसत राहिली. दुकानदाराला माईक दिला तेव्हा त्याच्या तोंडून एवढंच निघालं की हो, बहिणीचा मान राखलाच पाहिजे. त्यावर पुढाऱ्यांनी दहा-पंधरा मिनिटं भाषण केलं आणि असा भाऊ घरोघरी जन्मावा असं सांगितलं.

संध्याकाळी भांडी पुन्हा त्याच दोन पोत्यांत भरली गेली. लेकीच्या नवऱ्याने ती मालवाहू ऑटोत चढवली, आणि म्हातारी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. चार दिवस लेकीकडे राहून येतो, असं तिने लेकाला सांगितलं. त्याने मान हलवली. तो तेव्हा भिंतीसमोर उभा राहून नाड्या मोजत होता.

मला वाटलं होतं, हा माणूस माझ्या अंगावर धावून येईल. तसं काही झालं नाही. आदर्श भाऊ म्हणून त्याचा फोटो गावभर फिरला, दुकानात लोक येऊन हात मिळवू लागले, आणि नंतर नंतर तर सगळं त्यानेच योजलं होतं असं तो स्वतःच सांगू लागला. संकल्पनेची पाटी भिंतीवर होतीच, तिचाही त्याला उपयोग झाला असणार.

पावसाळा गेला, कापूस घरात यायला लागला आणि एक दिवस त्याचा फोन आला. ताई, भिंत लई सुनी दिसते म्हणाला. नुसतीच भोकं दिसून राह्यली, पाहुणे विचारतात. मधल्या मोठ्या गोलात एखादं घड्याळ बसवता येईल का, आणि बाकीच्यांत काचेच्या प्लेटा?

मी विचारलं, आई परत आली का.

"नाई, ते तिकडंच हाये," तो म्हणाला. "तिच्या खोलीत आता इन्व्हर्टर बसवला ना. बॅटऱ्यायले जागाच नोती कुठं."

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग, ना लाज. अडचण सुटली हे सांगणारा आवाज होता तो.  घड्याळ बसेल, दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या, असं म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कापड आणायला ढाणकीला जायचं होतंच. मैत्रिणीकडचं काम झाल्यावर मी म्हातारीकडे गेले. लेकीचं घर दोन खोल्यांचं, टिनाचं. दारातच गुंड भरून ठेवलेला होता, चिंचेने घासून लख्ख केलेला, आणि आत चुलीजवळ म्हातारी त्या कोपरात भाकरीचं पीठ मळत होती. भिंतीवर बसवला तेव्हा तो कोपर एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. तिने मला बसायला सांगितलं, लेकीने चहा टाकला, पितळी वाटीत दिला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग पिठावरून नजर न उचलता तिने विचारलं की लेकाचा काही फोन आलता का.

मी म्हटलं, "हो काकू, काल आलता. तुमची लय आठवण काढत होते."

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, फाटकाशी बघितलं होतं तसंच, सरळ.

"भितीचं विचारलं असन त्यानं," ती म्हणाली, आणि पिठात अजून थोडं पाणी घातलं.